ताईसाठी सेकंड हँड गाडी: वजन बघायचं की साल?

ताईची बदली सिन्नरला झाली आणि रोज नाशिकहून स्वतः गाडी चालवत जायचं ठरलं. बजेट सेकंड हँडचं. भाऊजींना २००८ची एक एसयूव्ही आवडली होती. "पत्रा बघ केवढा जाड!" दुसरी होती २०२२ची छोटी हॅचबॅक.

भाऊजींच्या बोलण्यात तथ्य होतं. १४०० किलोची आणि ७०० किलोची गाडी प्रत्येकी ताशी ५० किमी वेगाने समोरासमोर आदळली, तर जड गाडीच्या वेगात साधारण ताशी ३३ किमीचा फरक पडतो, हलकीच्या वेगात ६७ किमीचा. तो झटका शेवटी ड्रायव्हरलाच बसतो. म्हणून क्रॅश टेस्टमध्ये समोरच्या धडकेसाठी गाडीला मिळालेले सुरक्षेचे स्टारही जवळपास सारख्या वजनाच्या गाड्यांचेच ताडून बघायचे.

पण मला साल जास्त महत्त्वाचं वाटत होतं. अमेरिकेत २००९ साली १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची मालिबू ताशी ६४ किमीने एकमेकींवर धडकवल्या होत्या. त्याचा व्हिडिओ भाऊजींना दाखवला. दणकट दिसणाऱ्या बेल एअरची केबिन चेपली, ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या डमीभोवती (चाचणीच्या बाहुल्याभोवती) जागाच उरली नाही. मालिबूचं बॉनेट चुरडलं, केबिन शाबूत राहिली. पुढचा भाग चेपत धक्का जिरवतो, तो चेपायलाच हवा. व्हिडिओ संपल्यावर भाऊजी बराच वेळ गप्प होते.

आपल्याकडे एप्रिल २०१९पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि ऑक्टोबरपासून सगळ्या कार मॉडेल्सना क्रॅश टेस्टचे निकष सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१च्या अखेरीस आली. त्या एसयूव्हीत एकही एअरबॅग नव्हती.

हॅचबॅक बघताना आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि वजन पाहिलं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते पाहिलं. अजिबात लागलाच नाही तरी संशय घ्यावा. सीटचे पट्टे पूर्ण ओढून पाहिले. डीलर घाई करत होता, तरी इन्शुरन्सच्या क्लेमचा इतिहास मागवलाच.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ताईची उंची कमी, त्यामुळे ती स्टिअरिंगला अगदी चिकटून बसते. एअरबॅग जोरात उघडते, छातीपासून निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं. गाडी घेतली त्याच दिवशी सीट मागे सरकवून, उशी वर उचलून तिला बसवलं. क्लच नीट दाबला जातोय याची खात्री करूनच तिला सिन्नरला पाठवलं.