सोनाराच्या काट्यावरची गोळी

माझ्या टेबलाच्या खणात रायफलची एक जुनी गोळी आहे. तोंड फुलून अळंबीसारखं झालेलं, बूड मात्र जसंच्या तसं. गेल्या महिन्यात वेंगुर्ल्याच्या बाजारात एका सोनाराकडे ती काट्यावर ठेवली. १४.१ ग्रॅम भरली. नवी असताना ती २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची. एका डुकराच्या छातीतून शिरून ती मागच्या फऱ्याच्या कातडीखाली येऊन थांबली होती. एवढ्या प्रवासात दोन ग्रॅमसुद्धा झिजली नाही.

साल १९७१. मी आठ वर्षांचा. भात लोंब्यांवर आलेलं आणि रोज रात्री डुकरं मळ्यात. शेजारच्या वाडीतल्या एकानं ठासणीच्या बंदुकीनं एका नराला जखमी केलं. तो करवंदीच्या जाळीत शिरला आणि सकाळी माग काढायला गेलेल्या माणसाची मांडी फाडून गेला. मग आजोबा गेले, त्यांची थ्री फिफ्टीन रायफल घेऊन, म्हणजे .३१५ इंच बोअरची. बोअर म्हणजे नळीची आतली रुंदी. एकच बार ऐकू आला. दुपारी वाटे पडले तेव्हा सुरीच्या टोकानं काढलेली ही गोळी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "झिला, बार मोठो झालो म्हणान जनावर मरणा नाय. गोळी कितकी भितर गेली ता बघ."

ते शिकलेले नव्हते, पण बोलले ते शास्त्र होतं. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर मला त्याचं गणित मांडता येतं. गोळीचं वजन तिच्या जाडीच्या मानानं किती आहे, यावर ती किती खोल जाणार हे बरंचसं ठरतं. माड लावायला जांभ्यात खड्डा मारताना आपण पहार घेतो, फावडं नाही. वजन सगळं एका लहान टोकामागे उभं असतं म्हणून पहार आत जाते. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीत भरतात त्या एलजीचा, म्हणजे मोठ्या छऱ्यांचा, एक दाणा साधारण नऊ मिलिमीटरचा, वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास. थ्री सेव्हन्टी फाइव्ह (.३७५) रायफलची गोळी जाडीला साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच, पण ३०० ग्रेनची, १९.४ ग्रॅमची. नराच्या खांद्यावर ढालीसारखं जाड कातडं असतं. लांबून मारलेला दाणा त्यातच अडकतो आणि जनावर आठ दिवस कुजत मरतं.

ही थ्री सेव्हन्टी फाइव्ह लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ मध्ये काढली. त्याआधी १९०५ च्या सुमारास बर्लिनच्या ऑटो बॉकनं ९.३ बाय ६२ (गोळी ९.३ मिलिमीटर जाड, काडतुसाची नळी ६२ मिलिमीटर लांब) काढली होती, आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतवाल्यांसाठी, साध्या माउझर रायफलमध्ये बसेल अशी. मध्यम बोअर म्हणतात ती ही जात. आमची .३१५ जाडीनं तिच्या उंबरठ्यावरच थांबते, पण वळण तेच: जड गोळी, बेताचा वेग. इंग्रजांनी लष्कराची थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला बंद केली, म्हणून हा बोअर इथे रुजला. पुढे ईशापूरच्या कारखान्यानं त्या रायफली बनवल्या.

मी स्वतः मध्यम बोअरनं एकच जनावर मारलं आहे, तेही इथे नाही. २००९ मध्ये आमचं जहाज नामिबियात वॉल्विस बेला दुरुस्तीसाठी अडकलं होतं. ओळखीतून आत एका जर्मन वंशाच्या शेतकऱ्याच्या फार्मवर गेलो. तिथे शिकार कायदेशीर आहे, परवाना आणि नोंदणीकृत गाइड असला की झालं. कुडू, ऑरिक्ससारख्या मोठ्या हरणवर्गी जनावराला नळीच्या तोंडाशी किमान २७०० जूल ताकद लागेल, असा तिथला नियमच आहे. त्या गृहस्थांच्या वडिलांची ९.३ माझ्या हातात दिली. २८६ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला साधारण २३५० फूट. शंभर पावलांवर ऑरिक्स आडवा उभा होता. खांद्याला धक्का बसला तो होडी धक्क्याला टेकते तसा, जोरकस पण सावकाश. जनावर चाळीस पावलं चालून बसलं. सोलताना पाहिलं, गोळी आरपार आणि भोकाभोवतीचं मांस स्वच्छ. त्याच दिवशी दुसऱ्या पाहुण्यानं जवळून वेगवान मॅग्नमनं, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाच्या रायफलनं, मारलेल्या ऑरिक्सचा पुढचा अख्खा फरा रक्ताळून फेकावा लागला होता. मला ते फार लागलं. आमच्याकडे वाट्यातलं बोटभर मांसही कुणी टाकत नसे.

अशा जड गोळीच्या काडतुसाला मर्यादा आहे. दोनशे मीटरपुढे गोळी झपाट्यानं खाली येते. पण आमच्या चिव्याच्या बेटांत आणि काजूच्या बागांत ऐंशी पावलांपलीकडचं दिसतं कुठे? जड गोळी झाडोरा कापत सरळ जाते असंही काही जण सांगतात. ते खरं नाही. फांदीला लागली की कुठलीही गोळी वळते. आजोबा मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचे. पावसाळ्यात बारा बोअरची कागदी काडतुसं फुगून नळीत बसत नसत, तेव्हाही त्यांची पितळी काडतुसं पुसली की कामाला तयार असत.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्यांनी रायफल पेटीत ठेवली. मला तो कायदा मान्य आहे. परवा गवा मळ्याच्या कडेला उभा होता, मी अर्धा तास नुसता बघत राहिलो. पण डुकरांचा प्रश्न आज पुन्हा दारात आहे, आणि लोक काय करतात? तारेच्या फासक्या लावतात, त्यात बिबटे अडकून मरतात. गावठी बॉम्ब ठेवतात, ते गुरांच्या तोंडात फुटतात. वनखात्याची लेखी परवानगी मिळाली तरी हातात तीच ठासणीची नाहीतर एलजी भरलेली बारा बोअर. मारायचंच असेल तर एका गोळीत मारावं, आणि त्यासाठी आमच्या जुन्या .३१५ सारखी जड गोळी हवी. ती लांबवर जाते ही भीती खरी आहे, वाड्या जवळजवळ आहेत. म्हणून उंच माळ्यावरून, खाली जमिनीकडेच, चाळीस पावलांच्या आत.

रायफल आता माझ्या परवान्यावर आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करतो, परत आणली की नळी पुसून तेल लावतो. यंदा मळ्यातल्या आंब्यावर माळा बांधायला घेतला आहे. वनखात्याकडे अर्ज दिला, त्यात हत्यार म्हणून .३१५ लिहिलं आणि माळ्याची उंचीही लिहिली, चौदा फूट.