रोममध्ये पाण्याच्या मागोमाग

जुन्या रोमला मोटारीच्या खिडकीतून पाहण्यात अर्थ नाही, ते शहर पायी फिरूनच कळते, असे माझे ठाम मत आहे. मात्र बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि डोक्यावर जुलैचे ऊन असेल, तर ठिकाणे मोजकीच निवडावी लागतात. म्हणून कोलोसियम सकाळच्या पहिल्या वेळेत पाहायचे आणि उरलेला दिवस नव्होना चौकापासून स्पॅनिश पायऱ्यांपर्यंत सावकाश चालत घालवायचा, असे आम्ही ठरवले होते.

इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने खुले केलेल्या कोलोसियममध्ये वरच्या मजल्यावर जाण्यासाठी लिफ्ट आहे, त्यामुळे सासूबाईंनाही रिंगणाखालचे भुयारी दालन वरून नीट पाहता आले. भिंतींतल्या दगडांना जागोजाग पडलेली भोके मुलीने दाखवली. दगड एकमेकांना जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या पुढच्या शतकांत लोकांनी उपसून नेल्या, त्यांच्या त्या खुणा आहेत. तिथली गर्दी मात्र इतकी होती की बाहेर पडल्यावर आम्हां सर्वांनाच हायसे वाटले.

खऱ्या अर्थाने दिवस सुरू झाला तो रस्त्यावरच्या एका बिडाच्या नळापाशी. रोमभर असे हजारो नळ असून त्यांना नासोनी म्हणतात. त्यांचे पाणी अखंड वाहते, थंडगार असते आणि फुकट मिळते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या बारीक छिद्रातून कारंजे उडते आणि ओंजळ न करता पाणी पिता येते, हे तिथल्या एका आजींनी खुणेनेच मुलीला शिकवले. त्यानंतर प्रत्येक नळापाशी थांबणे भाग पडले, आणि हे पाणी येते तरी कुठून, हा तिचा प्रश्न संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर राहिला.

नव्होना चौकात शिल्पकार बर्निनीचे १६५१ मधले चार नद्यांचे कारंजे आहे. डॅन्यूब, नाईल आणि रिओ दे ला प्लाता यांच्याबरोबर चौथी नदी आपली गंगा आहे, हे सांगताच सासूबाई कठड्यापाशी गेल्या. मकरावर बसलेल्या देवीऐवजी हातात लांब वल्हे घेतलेला दाढीवाला पुरुष पाहून त्या क्षणभर थबकल्या. युरोपीय शिल्पपरंपरेत नदी बहुधा पुरुषरूपात दाखवतात आणि गंगेतून नावा चालतात म्हणून हे वल्हे, असे मी समजावले. "रूप कोणतेही असो, आठवण तर ठेवली," असे म्हणत त्यांनी हात जोडले. नाईलच्या चेहऱ्यावर वस्त्र ओढलेले आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपीयांना ठाऊक नव्हता.

तिथून जवळच पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर आहे. दर्शनी भागावर सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याचे नाव कोरलेले असले, तरी आजची वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळातली, दुसऱ्या शतकातली आहे. घुमटाचा व्यास ४३ मीटरहून अधिक असून त्यात लोखंडी सळई नाही. वर जाताना काँक्रीट पातळ होत जाते आणि त्यात हलका सच्छिद्र दगड मिसळलेला आहे. माथ्यावरच्या उघड्या गोलातून पाऊस आत येतो आणि जमिनीतल्या छिद्रांवाटे वाहून जातो.

याच अग्रिप्पाने इ.स.पू. १९ मध्ये आपल्या स्नानगृहांसाठी 'ॲक्वा व्हिर्गो' हा जलमार्ग बांधला. बहुतांश जमिनीखालून येणारा हा मार्ग मधल्या काळात मोडकळीला आला, पोपांनी तो दुरुस्त केला आणि १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या त्रेव्ही कारंज्याला त्याचेच पाणी मिळाले. तिथे सगळ्यांचे लक्ष नाणी टाकण्याकडे असते (ती पुढे गरिबांच्या मदतीसाठी दिली जातात). आम्ही मात्र मुलीला वरचे डावीकडचे शिल्पफलक दाखवले. त्यात जलमार्गाचा आराखडा पाहणारा अग्रिप्पा आहे, आणि उजवीकडे सैनिकांना याच पाण्याचा झरा दाखवणारी तरुणी आहे. मुलीच्या प्रश्नाचे, निदान या कारंज्यापुरते, उत्तर तिथे दगडातच कोरलेले होते, त्यामुळे त्या रेटारेटीतही आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसण्यास मनाई आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल, तर विसावा आधीच घेऊन यावे. पायऱ्यांच्या पायथ्याचे नावेच्या आकाराचे कारंजे रस्त्याच्या पातळीखाली बांधलेले आहे, कारण त्याच जलमार्गाचे पाणी इथे फार कमी दाबाने पोहोचते. दाब म्हणजे काय, हे मुलीला समजावताना तिचे वडील जलमार्गाच्या उताराचे चित्र वहीत काढू लागले आणि ते पूर्ण होईपर्यंत सासूबाईंनी बाटली पुन्हा भरून घेतली होती.