साल्हेरच्या वाटेवर: बॅटरी जपायची तर आधी बटण ओळखा

डिसेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही चौघे नाशिकहून एसटीने सटाण्याला, तिथून ताहाराबादला आणि पुढे जीपने वाघांब्याला पोचलो. मुक्काम एका मावशींच्या ओसरीवर. रात्री बाजरीची भाकरी, ठेचा आणि भरपूर थंडी. पहाटे चारला साल्हेर आणि सालोटा या शेजारच्या किल्ल्यांमधल्या खिंडीकडे निघायचं ठरलं होतं.

हेडटॉर्च काढायला सॅकमध्ये हात घातला, तर ती गरम लागली. बटण दाबलं तर क्षणभर मिणमिणली आणि विझली. प्रवासात कशाचा तरी दाब पडून ती आतल्या आत कधीची सुरू झाली होती. सोबत्याची टॉर्च मात्र भरलेली होती. त्याने निघतानाच मागचं झाकण पाव फेरा सैल केलं होतं, त्यामुळे सेलची जोडणीच तुटली होती.

मुळात प्रश्न बटणाचा आहे. जुन्या खटक्याने विजेची जोडणी खरोखर तुटते. हल्लीचं मऊ बटण आतल्या चिपला फक्त इशारा देतं, त्या इशाऱ्याची वाट बघत चिप जागत राहते आणि थोडा थोडा करंट खात असते. दोन दिवसांत तेवढ्याने काही बिघडत नाही, पण अवचित दाबलं जाण्याची भीती राहतेच. तेव्हा टॉर्चला लॉक असेल तर लावा, सेल निघत असेल तर काढून वेगळा डबीत ठेवा. सुटा सेल किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात टाकू नका, शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

पॉवर बँकेनेही धडा दिला. हेडटॉर्च चार्जिंगला लावली की थोड्या वेळाने बँक आपोआप बंद. लहान वस्तू फार कमी करंट ओढते, तेव्हा बँकेला वाटतं कोणी जोडलेलंच नाही. शेजारी एक फोनही जोडला, मग चालली. तुमच्या बँकेला कमी करंटचा मोड आहे का, हे घरीच बघून ठेवा. आणि बँकेवर छापलेल्या १०,००० एमएएच क्षमतेवर विसंबू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्ट करताना आकडा घटतो, शिवाय काही ऊर्जा उष्णतेत जाते. ५,००० एमएएचचा फोन जेमतेम दीड वेळा भरतो.

खिंडीत वाऱ्यावर माझा जुना फोन १८ टक्क्यांवर मेला. थंडीत लिथियम सेलचा आतला रोध वाढतो, व्होल्टेज एकदम खाली येतं आणि फोन स्वतःला मिटवून घेतो. शर्टाच्या आतल्या खिशात अर्धा तास ठेवला, पुन्हा सुरू झाला. सिग्नल अशक्त असेल तिथे फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्त ताकदीने बोलतो, बॅटरी त्यातच संपते. विमान मोड लावा. जीपीएस फक्त ऐकतं, त्यामुळे नकाशा आधी उतरवला असेल तर वाट दिसत राहते. एक फोन पूर्ण बंद करून अडीनडीला राखून ठेवा, हे मी फार कळकळीने सांगतोय.

साल्हेर १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. परशुराम मंदिरापाशी पोचलो तेव्हा ऊन मांगी-तुंगीच्या सुळक्यांवर पसरलं होतं. फोटोपुरते चार टक्के उरले होते.

परतल्यावर टॉर्च रिकामी कपाटात टाकू नका. निम्मी भरून ठेवा. रिकाम्या सेलमधून चिप महिनोन्महिने थोडा थोडा करंट ओढत राहिली, तर तो इतका खाली जातो की पुढच्या हिवाळ्यात चार्जरला दाद देत नाही.