चौशब्दी नोंद: अखेर 'श्वास' सुटला

मंडळी, 'श्वास' सुटला! म्हणजे त्याची चौशब्दी, फार तर चार शब्दांत चित्रपट सांगणारी कोटी, अखेर जमली. मागच्या नोंदीत त्याला बाजूला ठेवून मी 'कासव' घेतला होता, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या मराठी चित्रपटांची आपली सुवर्णकमळ मालिका त्याच्यावाचून पुरी होणारच नव्हती. हा पुरस्कार १९५४ साली पहिल्यांदा दिला गेला तो 'श्यामची आई'ला. त्यानंतर तो मराठीत परत यायला 'श्वास' यावा लागला, म्हणजे मध्ये अर्धं शतक गेलं. अशा चित्रपटाच्या नावावर कामचलाऊ चौशब्दी टाकून पुढे जाणं मला पटेना.

आधी जमलेलं सांगते. 'देऊळ': "देव पावला, पावती फाडली." गावात दत्त दिसल्यावर जे जे होतं ते सगळं यात आलंय, आणि यातला एक शब्दही आता मी हलवणार नाही. 'कोर्ट', म्हणजे गाण्यावरून खटल्यात अडकलेला शाहीर: "सूर लावला, कलम लागलं." 'कासव', म्हणजे जगाकडे पाठ फिरवलेल्या तरुणाला सांभाळणारी जानकी: "पाठ फिरवलेल्याच्या पाठीशी जानकी." 'कवच' हा शब्द न आणता कासवाची पाठ आली, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

'श्वास'चं दुखणं वेगळं होतं. तिथे कोट्या पुष्कळ सुचतात, शोभत नाहीत. कोकणातून आणलेल्या लहानग्या परशाच्या डोळ्यांना कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. मग शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात, जग दाखवायला. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांनी हे इतकं साधेपणाने केलंय की त्यावर शब्दांची कसरत केली की ती लगेच कानाला टोचते.

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आपण जमतो तिथे सगळ्यांनी उचलून धरलेली पहिली चौशब्दी होती "दृष्ट लागली, दृष्टी गेली." नाद पक्का, तोल बरोबर. आपल्या कट्ट्यावरच्या बाई तेवढ्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, दृष्ट लागली म्हणजे कुणीतरी लावली. इथे कुणी लावली?" विषय तिथेच मिटला. संदीप कुलकर्णींचा डॉक्टर आजोबांना आजार म्हणजे काय, उपाय म्हणजे काय हे जिवाच्या आकांताने समजावतो, आणि आपण सगळं खापर दृष्ट लागण्यावर फोडायचं? चौशब्दी चित्रपटाच्या विरुद्ध बोलत असेल तर तिचा नाद कितीही गोड असो, कार्ड फाडायचं.

मग नामकोटीकडे, म्हणजे चित्रपटाच्या नावावरच्या कोटीकडे वळले. 'श्वास' हा पोटशब्दांसाठी श्रीमंत आहे: विश्वास, आश्वासन, निःश्वास. त्यातून "आश्वासन नाही, विश्वास आहे" असं निघालं. एकाच ओळीत दोनदा नाव लपलंय, आणि डॉक्टर-आजोबांचं नातंही त्यात आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हीच ठेवावीशी वाटली. माझं म्हणणं असं की रुग्णालयात घडणाऱ्या कुठल्याही चित्रपटाला ही चालेल. डोळे कुठे आहेत? तो बाहेरचा दिवस कुठे आहे?

तिसरी होती "नजर जाण्याआधी नजराणा." तीनच शब्द, आणि तो दिवसही आला. पण कट्ट्यावरच्या काकांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडायला लावला. नजराणा खालच्याने वरच्याला द्यायचा, मांडलिकाने राजाला. इथे देणारे आजोबा, घेणारा नातू. सगळं उलटं. शेवटी काकाच म्हणाले, "तसं पाहिलं तर आजोबाला नातू म्हणजे राजाच की!" वाद मस्त रंगला, आणि काकांचा मुद्दा मला अजूनही अर्धा पटतो. पण चौशब्दीची वकिली करावी लागली की ती पडली, हा आपला जुना नियम.

शेवटी पद्धत बदलली. कोटी शोधायचं सोडलं आणि डोळ्यांचे वाक्प्रचार एकेका कार्डावर लिहून काढले. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं की गठ्ठा बाहेर. डोळे उघडणे, डोळे पांढरे होणे, डोळ्यांत तेल घालणे, डोळ्यांचं पारणं फिटणे, डोळ्यांवर कातडं ओढणे. एकेक कार्ड चित्रपटाला लावून बघायचं आणि नाही बसलं की गठ्ठ्याखाली. "आजोबांच्या डोळ्यांदेखत डोळे गेले" बराच वेळ वर टिकून होती. ती खरी आहे, चारच शब्दांत आहे, पण निर्दय आहे, आणि तिच्यात फक्त शस्त्रक्रिया उरते.

त्याच गठ्ठ्यात 'डोळे भरून' होतं. आधी "नातवाने डोळे भरून पाहिलं" लिहिलं. ती बातमी झाली. मग नातू काढला, भूतकाळ काढला आणि वाक्य आजोबांच्या तोंडी दिलं:

"डोळे भरून पाहून घे."

कोपरखैरण्याला हे कार्डावर उतरलं आणि वाशीपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले. शब्द फोडायला नको, पोटशब्द नको, शुद्ध अभंग श्लेष. नातवाने डोळे भरून घ्यायचे ते जगाने, आणि आजोबांचे भरून येतात ते पाण्याने. दोन्ही अर्थ चित्रपटात घडतात. कोटी चांगली की वाईट ठरवायची माझी कसोटी आता हीच: दोन्ही अर्थ खरे हवेत. एक अर्थ खरा आणि दुसरा नुसता गमतीचा असेल तर ते काम अर्धवट.

"डोळे भरून पाहा" असं तीन शब्दांत का नाही, हे कुणीतरी विचारणारच. 'घे'मुळे. आपण 'पाहून घे' म्हणतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. तो शब्द काढला की आजोबांची घाई जाते. बाईंचा आक्षेप असा की चित्रपट न पाहिलेल्याला यात कोटी दिसणारच नाही. दिसू नये. पाहून आल्यावर पुन्हा वाचली की कळेल, आणि मला ते जास्त आवडतं.

साधनांबद्दल दोन शब्द. जांभळी नाक्यावरून आणलेली कोरी कार्डं वहीपेक्षा कितीतरी सरस, कारण क्रम बदलता येतो. फोनवर चौशब्दी लिहू नका. कीबोर्ड आपणहून शब्द दुरुस्त करतो आणि नेमकी कोटीच पुसतो. 'डोंबिवली फास्ट'च्या नायकावरची, माधव आपटेवरची, आपली "आपटे सर्वांना आपटे" त्याने अशीच बिघडवली होती. कोशांत अर्थांच्या छटांसाठी मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती, वापरातल्या उदाहरणांसाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. समासांबद्दल माझं मत कडकच आहे: 'साखरसम्राट' लोकांच्या तोंडी आहे म्हणून एक शब्द, पण शब्दसंख्या वाचवायला 'रुग्णालयपलायन' असलं काही जुळवलंत तर मी ते दोन मोजणार.

आता पुढे सैराट-फँड्री घ्यायचे ठरले होते. पण वरचं 'शब्दसंख्या' लिहिताना एक सुचलं, आणि बेत बदलतेय. मूकपट! 'राजा हरिश्चंद्र', १९१३. सत्यवचनी राजा, आणि पडद्यावर आवाज नाही:

"न बोलता शब्द पाळला."

दोन्ही अर्थ खरे! आणि फाळके म्हटले की रांगच लागते. 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांच्या, तेव्हा "रामसीता अगदी एकरूप." 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, म्हणून "फाळक्यांची कन्या, गोकुळचा कान्हा." यातली 'एकरूप' मला सर्वांत घट्ट वाटते. 'अगदी' मात्र भरतीचा आहे, तो जायला हवा.

तेव्हा सैराट-फँड्री पुढे ढकलले. सुवर्णकमळ मालिकेत आता एकटी 'श्यामची आई' राहिलीय, आणि दिग्दर्शक साक्षात आचार्य अत्रे असल्याने कोटी त्यांच्या तोलाची हवी. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला आई मनालाही तसंच जप म्हणते, त्या प्रसंगावर माझी नजर आहे. 'पाय', 'पाया', 'पायरी' अशी तीन कार्डं तयार आहेत. शनिवारी तलावपाळीला घेऊन येते. कुणाकडे 'मन'ची कार्डं असतील तर आणा.