फोडणीपुरती धाव

दुपारी जेवून जरा लवंडले होते, तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ गुरगुरलं. उठा, चाला. मुलाने वाढदिवसाला दिलंय. सासूबाईंनीसुद्धा मला दुपारी कधी उठवलं नव्हतं.

दिवसाला 10,000 पावलं झालीच पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. हा आकडा मुळात कुठल्या डॉक्टरने काढलेलाच नाही. 1965 साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, आणि तेच जगभर रूढ झालं. हे वाचल्यापासून साडेसहा हजारांवर मी निवांत झोपते.

डॉक्टरीणबाईंना मात्र असं उडवून लावता येत नाही. पाळी गेली की हाडं भराभर विरळ होतात, स्नायू तर तिशीनंतर दर दशकाला 3 ते 8 टक्के झडतात, नुसत्या चालण्याने भागायचं नाही, हाडांना जरा दणके बसू देत, असं त्या म्हणाल्या. मला सगळं पटलं. पण पटलं म्हणून डिसेंबरात पहाटे साडेपाचला गोधडीबाहेर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्येही जाऊन आले. माणसं लाख चांगली. एक ती सिग्नलला उभ्याउभ्या पळायची खोड सोडली, तर नावं ठेवायला जागा नाही. पळून झाल्यावर इडली खाताना जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या गोष्टी निघायच्या. परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर उलटून गेल्यावर पेडर रोडचा चढ कसा जीव काढतो, हे एक गृहस्थ फार रंगवून सांगत. सगळे माना डोलवायचे. माझ्या मनात आपलं एकच, त्या चढावर जाऊन आणायचं काय?

कारण लहानपणी मी खूप पळलेय, पण उगाच कधी नाही. साताऱ्यात घरून कुठेही निघा, जाताना नाहीतर येताना चढ लागतोच. आईचं गणित चमत्कारिक होतं. तेल तापलं, मोहरी तडतडली, की तिला आठवायचं, कढीपत्ता नाही. "पळ गं, फोडणी जळेल!" पायात चप्पल घालायलाही सवड नसायची. गल्लीतून सुटायचं, वाटेत पाटणकर काकूंच्या वाळवणावरून उडी, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून चार काड्या घ्यायच्या, पैसे संध्याकाळी. परत येईपर्यंत आईने कढई उतरवून हातात धरलेली असायची. हिंगाला वेगळी फेरी, दह्याला वेगळी. सगळं एकदम का सांगत नाही, असं विचारायचं कधी सुचलंच नाही मला. मज्जाच वाटायची. फोडणीचा वास दारापर्यंत आला की आपण वेळेत पोचलो.

1984 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने हुकलं. आमच्या आळीत सुतक पडल्यासारखं झालं होतं. आजी तर, "एवढं जीव खाऊन पळाली पोर," म्हणून डोळ्यांना पदर लावत होती. बायकांची मॅरेथॉनही ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा त्याच वर्षी झाली, पण ते आम्हाला कुठलं माहीत असायला!

त्याच दिवाळीच्या आसपास कधीतरी मी हिंग घेऊन पळत आले, तर तीच आजी दारात उभी. "घोडी झालीस आता. रस्त्याने काय उधळतेस?"

एवढंच. रागावलीही नाही फारशी. दुसऱ्या दिवसापासून हिंग-कढीपत्ता धाकट्या भावाकडे गेला. तो वाटेत गोट्या खेळत बसायचा, फोडण्या करपायच्या, आई मुकाट्याने कढई घासून पुन्हा तेल घालायची. मी ओट्यापाशी बसून शेंगा सोलत असायचे. तिने मला परत पळ म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींचं पळणं असंच एकेका वाक्यात संपलं असणार. पुढे मी पळाले ती फक्त लोकलसाठी, तेही लग्नानंतर डोंबिवलीत होतो तेवढीच वर्षं.

आता तर फोडणी बसायच्या आत कढीपत्ता घरी येतो. स्कूटरवरून एक पोरगा येतो आणि तीन जिने धावत चढतो. लिफ्ट आहे हो, पण तिच्यासाठी थांबायला त्याला वेळ नसतो. माझ्या वाटणीचं धावणं तो धावतो आणि पावलं मोजायचं घड्याळ माझ्या हातात!

हल्ली मी मुलाच्या घरपोच मागवायच्या यादीतून कोथिंबीर गुपचूप काढून टाकते. सकाळी बूट चढवते, कापडी पिशवी मुठीत धरते आणि मंडईपर्यंत पळत सुटते. तळजाईवाले कोणी दिसलेच तर पिशवी मागे लपवते. परवा घामाने निथळत पोचले, धड बोलताही येईना. कोथिंबीरवाल्या मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "काय ओ ताई, एवढी कसली घाई?"

"फोडणी टाकून आलेय," मी म्हटलं. गॅस पेटवलासुद्धा नव्हता.

मावशींनी झटक्यात जुडी पिशवीत कोंबली. "मंग हितं काय उभ्या ऱ्हायलाय? पळा! पैसं उद्या द्या."