मुरमाच्या खाणीआधी माळ वाचताना

बारामती तालुक्यात खाणीसाठी मागितलेला चार हेक्टरचा मुरूम-पट्टा आणि पर्यावरण परवानगीसाठी मी करत असलेला त्याचा वन्यजीव अहवाल. सुरुवातीच्या कागदांत जमिनीपुढे एकच शब्द होता, ‘पडीक’. माळाला हा शेरा मिळाला की पुढचा सगळा अहवाल त्याच उतारावर घसरतो. म्हणून मी आधी तो शब्द बाजूला ठेवला.

पट्ट्याची केएमएल फाइल (हद्दीचा डिजिटल नकाशा) गुगल अर्थवर टाकून जुनी चित्रं मागे मागे पाहिली. ओढे, पाणवठे, मेंढ्यांच्या वाटा, आधीच्या खाणींचे खड्डे हे सगळं तिथे दिसतं. शेजारचे पट्टेही याच वेळी तपासावेत. हद्दीपासून हद्दीपर्यंत ५०० मीटरच्या आत दुसरा पट्टा निघाला की दोन्ही मिळून समूह धरतात. बेरीज ५ हेक्टरच्या पुढे गेली, तर ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास) आणि जनसुनावणी लागते. हे शेवटी लक्षात आलं तर सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १० किलोमीटरच्या वर्तुळात येतं का, हेही पाहायचं. ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणून लोक सोडून देतात. तिथल्या चिंकारा हरणाला मात्र हद्द कळत नाही, ते बाहेरच्या माळावरही चरतो.

आता पाहणीचा हंगाम. नियमाला पावसाळा सोडून एक हंगाम पुरतो आणि बहुतेक जण मार्च ते मे निवडतात. रस्ते कोरडे असतात, दिवस मोठा मिळतो. त्या दिवसांत माळटिटवीची अंडी उघड्या मुरमावर सापडतात, हे खरं. पण लांडग्याची पिल्लं हिवाळ्यातच बिळात असतात. मे महिन्यात तिथे फक्त रिकामं भोक दिसतं आणि अहवालात ‘आढळ नाही’ येतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत एक फेरी आणि एप्रिलमध्ये दुसरी, एवढा खर्च मी धरतोच. बीळ चालू असल्याचा संशय आला तर जवळ जायचं नाही आणि तिथे कॅमेराही लावायचा नाही. मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. दुर्बिणीतून लांबूनच नोंद करायची.

पायी मोजणीसाठी पट्टा आणि भोवतालचा माळ मिळून एकेक किलोमीटरच्या सहा रेषा आखल्या. चालणं सूर्योदयानंतर दोन तासांत आणि गाडीवाटेवरून नाही, कारण वाटेच्या कडेचे पक्षी माळाच्या मधल्या पक्ष्यांपेक्षा वेगळे असतात. कॅमेरे जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवले की उगवतीचं नाहीतर मावळतीचं ऊन थेट भिंगात जातं. समोरचं गवत कापलं नाही तर वाऱ्याने हललेल्या काड्यांचे शेकडो फोटो मिळतात. मेंढपाळांना आधी भेटून सांगावं, नाहीतर कॅमेरा गायब होतो. शिवाय लांडगा शेवटचा कुठे दिसला, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

लेंड्या ओळखताना घाई नको. शेळी चालता चालता लेंड्या टाकत जाते, त्या वाटेवर विखुरलेल्या असतात. चिंकारा ठरलेल्या जागी परत परत येतो. एकाच ढिगात खाली वाळून पांढुरक्या झालेल्या आणि वर ताज्या, काळसर लेंड्या दिसल्या तर जागा सध्या वापरात आहे, असं समजावं. तरसाची विष्ठा हाडांच्या चुन्यामुळे पांढरी पडते.

खरा फटका बहुतेक वेळा खड्ड्याबाहेर बसतो, तो डंपरच्या रस्त्यावर. हिशोब सोपा आहे. २०० बाय २०० मीटरच्या पट्ट्यात कडेने साडेसात मीटर सोडले की सुमारे ३.४ हेक्टर उरतं. तीन मीटर खोल म्हणजे सुमारे एक लाख घनमीटर, पाच वर्षांत वाटलं की वर्षाला वीस हजार. खणल्यावर मुरूम साधारण सव्वापट फुगतो. दहा घनमीटरच्या डंपरने वर्षाला अडीच हजार खेपा, २५० कामाच्या दिवसांत रोज दहा, म्हणजे येऊन-जाऊन वीस फेऱ्या. हा आकडा अहवालात ठेवला की सूर्यास्त ते सूर्योदय वाहतूक बंदीची अट मागता येते. खोकड आणि ससे त्याच वेळी रस्त्यावर उतरतात.

व्यवस्थापन आराखड्यात एक घोडचूक हमखास असते, झाडांचा हरित पट्टा. गवताळ माळावर सुबाभूळ लावणं म्हणजे उपाय नव्हे, दुसरं नुकसान. मी तिथे पवन्या आणि मारवेल ही गवतं सुचवतो, त्यासाठी वरची १५-२० सेंटिमीटर माती वेगळी काढून ठेवायची. ढीग मीटरभरापेक्षा उंच नको आणि तो वर्षाच्या आत पसरायचा, नाहीतर आतलं बी मरतं.

आणि खड्ड्याच्या उभ्या कडा. फेब्रुवारीनंतर वेडा राघू हा पक्षी घरट्यासाठी त्यात बोगदे करतो, म्हणून उतार त्याआधी पाडून घ्यायचा किंवा एक कडा पावसाळ्यापर्यंत हात न लावता सोडायची. एका बाजूला सौम्य चढ हवाच. पावसात खड्ड्यात पाणी भरलं की आत उतरलेल्या जनावराला बाहेर यायला दुसरी वाट नसते. हा चढ नकाशावर कुठल्या बाजूला आहे, हे ठेकेदाराला नुसतं सांगून भागत नाही. जागेवर फक्की टाकून रेष आखून द्यावी लागते.