वेचणीचे दिवस आणि अल्थिया

दिवाळी झाली की माझ्या मैदानावरच्या पोरी निम्म्या होतात. वेचणी लागते ना! खो-खोतली माझी सगळ्यात चपळ पोरगी परवा चार दिवसांनी आली, तेव्हा तिचा हात हातात घेऊन पाहिला. वाळलेल्या बोंडांची टोकं लागून नखांच्या कडा फाटलेल्या. "झोंबते काय वं?" "नाई जी मॅडम, सवय हाये."

त्या दिवशी सराव थांबवला. सगळ्यांना निंबाखाली बसवून टेनिसवाली अल्थिया गिब्सन सांगितली.

1927 चा जन्म, अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायनात. मायबाप कापसाच्या शेतात बटईनं राबणारे. 'बटई' म्हटल्याबरोबर पोरी सरसावून बसल्या. मंदीत शेतीवर भागेना म्हणून 1930 मध्ये घरदार न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आलं. तिथं रस्त्यावर लाकडी फळीनं पॅडल टेनिस खेळत पोरगी बाराव्या वर्षी शहरात पहिली आली. मग शेजाऱ्यांनी वर्गणी करून तिला टेनिस क्लबात घातलं. शेजाऱ्यांनी, हे मी पोरींना दोनदा सांगितलं. आपल्याकडे सप्ताहाला वर्गणी निघते आणि निघावीच, पण पोरीच्या बुटांसाठी कोणी पावती फाडलेली मी वीस वर्षांत पाहिली नाही.

कातडी काळी, म्हणून राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद. जुनी विजेती अ‍ॅलिस मार्बल हिनं 1950 मध्ये टेनिसच्या मासिकात खरमरीत लिहिलं, तेव्हा कुठे अल्थियाला त्या स्पर्धेच्या मैदानावर, फॉरेस्ट हिल्सवर उतरू दिलं. दुसऱ्याच फेरीत समोर लुईस ब्रॉ, त्या वर्षीची विम्बल्डन विजेती. पहिला सेट गेला, दुसरा अल्थियानं काढला, तिसऱ्यात 7-6 नं पुढे. एक गेम, फक्त एक, की सामना तिचा! तेवढ्यात वादळ आलं, वीज पडून स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली कोसळला आणि खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ती 9-7 नं हरली. मधली ती रात्र तिनं कशी काढली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे 1956 ला फ्रेंच स्पर्धा जिंकली, 1957 आणि 1958 ला विम्बल्डन आणि अमेरिकन, दोन्ही. पहिलं विम्बल्डन खुद्द राणी एलिझाबेथच्या हातून घेतलं. 1955-56 च्या आशिया दौऱ्यात ती भारतातही खेळून गेली.

"मंग लय पैसे भेटले असन?" पोरीनं विचारलंच. नाही. तेव्हा हौशी टेनिसला बक्षिसाची रक्कमच नव्हती. टेनिसची राणी असताना बँकेचं खातं रिकामं, असं तिनं स्वतःच लिहिलंय. 1958 नंतर तिनं ते टेनिस सोडलं. पोटासाठी बास्केटबॉलच्या सामन्यांआधी प्रेक्षकांपुढे खेळली, पुढे गोल्फमध्ये उतरली. म्हातारपणी आजारी आणि कफल्लक, तेव्हा दुहेरीतली जुनी जोडीदार अँजेला बक्सटन हिला फोन केला. अँजेलानं टेनिसच्या मासिकातून हाक दिली आणि जगभरातून पैसे आले. पुन्हा वर्गणीच. 2003 मध्ये अल्थिया गेली.

आमची निवड चाचणी पुढच्या आठवड्यात अमरावतीला आहे. एसटीचं अर्धं तिकीट, बूट आणि माझ्या त्या चपळ पोरीच्या आईची तीन दिवसांची बुडीत मजुरी, एवढा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर मांडला. रविवारी सकाळी ती वही घेऊन सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसले.